गळ्यात काहीतरी अडकलंय, बॉस!

तुमच्या ऑफिसात एक तरी प्राणी असा असतोच, जो लिफ्टमधून बाहेर पडायच्या आधीच कळतो. परफ्यूमवरून नाही, रिंगटोनवरून नाही. खाकरण्यावरून! ‘अह्हं... अह्हं... ख्रख्ख...’ मग दोन मिनिटं शांतता. मग पुन्हा तेच. सर्दी झालीय का विचारा, तर नाही. ताप? नाही. खोकला? तसा काही नाही. फक्त घशात ‘काहीतरी’ आहे. गिळलं तरी जात नाही, थुंकलं तरी येत नाही. त्यात क्लायंटचा कॉल सुरू व्हायची वेळ झाली की ते हमखास वर येतं.

आणि तो प्राणी तुम्हीच असाल तर? मग लाजू नका. या आठवड्याचा कॉलम खास तुमच्यासाठी. विषय जरा चिकट आहे, पण चहा संपवून वाचलात तर चालेल.

लिटरभर कारभार

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाकू. कफ म्हणजे घाण नव्हे. तुमचं नाक आणि त्याच्या आजूबाजूच्या पोकळ्या, म्हणजे सायनस, मिळून दिवसाला साधारण लिटरभर चिकट द्रव तयार करतात. लिटरभर! पाण्याची एक अख्खी बाटली. त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. बाकी थोडे क्षार आणि म्युसिन नावाचं प्रथिन. चिकटपणा येतो तो या म्युसिनमुळे. श्वासातून आत येणारी धूळ, परागकण, जंतू यांना चिकटवून धरायचं हे त्याचं काम.

मग हा सगळा माल जातो कुठे? नाकाच्या आतल्या बाजूला केसाहूनही कितीतरी बारीक अशी लव असते. ती सतत हलत असते आणि कफाचा थर हळूहळू मागे, घशाकडे ढकलत राहते. तिथून तो आपण गिळून टाकतो. पुढचा हिशेब पोटातलं आम्ल बघून घेतं. फुप्फुसांतही हीच यंत्रणा आहे, फक्त तिथे कफ खालून वर येतो. निरोगी माणसाचं हे काम दिवसभर चालू असतं आणि त्याला पत्ताही नसतो.

म्हणजे खरा प्रश्न ‘कफ का होतो?’ हा नाहीच. प्रश्न असा, की एरवी न जाणवणारा कफ आता का जाणवायला लागला? उत्तरं साधारण तीन. एक, तो जास्त बनतोय. दोन, तो घट्ट झालाय. आणि तीन, कफ नेहमीइतकाच आहे, पण घसाच चिडलेला आहे, त्यामुळे त्याला थेंबसुद्धा ढेकळाएवढा वाटतो. हे तिसरं उत्तर बहुतेकांच्या गावीही नसतं.

माझ्याही गावी नव्हतं म्हणा ना. ते कळलं ते पुण्यातल्या एसी ऑफिसात नाही, तर खरोखरच्या गावी. तिरोड्याला.

एका घरात तीन गळे

तिरोडा कुठे आलं, असं विचारणारे पुण्यात भेटतात, म्हणून सांगतो. गोंदिया जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला, त्यात तिरोडा गोंदियाकडे आलं. नागपूरहून हावड्याला जाणाऱ्या रेल्वेमार्गावर गोंदियाच्या थोडं अलीकडे. वैनगंगेच्या खोऱ्यातला धानाचा मुलूख. तांदूळ हा इथे नुसता जेवणात नसतो, तो हवेतही असतो. राईस मिलची तुसाची धूळ, मळणीची धूळ, काडीकचऱ्याचा धूर. भंडारा-गोंदिया पट्ट्यात तेंदूपत्ता आणि बिडीचा धंदाही पिढ्यान्‌पिढ्यांचा. शिवाय २०१२ ते २०१४ या काळात गावाजवळ ६६० मेगावॅटचे पाच संच एकेक करून सुरू झाले. आज ते ३३०० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे. थोडक्यात, इथे कोणी खाकरलं तर बोट दाखवायला हवेत बरंच काही आहे.

आजोळ माझं तिथलं. एका दिवाळीला मामाकडे गेलो होतो. पहाटेचं अभ्यंगस्नान, अंगणात रांगोळी आणि पार्श्वसंगीत म्हणून तीन गळ्यांची जुगलबंदी. मामी मोरीत खाकरतेय, मामा ओसरीवर खाकरतोय आणि मी वरच्या खोलीत. मामाने जिन्यातूनच मला विचारलं, ‘‘आमच्या इथं धान हाय. पुण्यात तं धान नाई, मंग तू कायले खाकरते बाबू?’’

प्रश्न एकदम करेक्ट होता! आवाज तिघांचा सारखा, पण कारण सारखं कसं असेल? पुढच्या काही आठवड्यांत तिघंही वेगवेगळ्या डॉक्टरांच्या खुर्चीत बसून आलो. एका घरातल्या तीन गळ्यांमागे तीन वेगळ्या गोष्टी निघाल्या.

गळा नंबर एक : मामीचं नाक

मामीचं गणित सोपं होतं. दिवाळीच्या सुमाराला हलकं धान निघतं, पुढे भारी धान. त्या दीड-दोन महिन्यांत तिच्या सकाळी सटासट दहा-बारा शिंका, नाकातून पाणी, डोळ्यांना खाज, आणि दिवसभर घशात चिकट धार. पावसाळ्यात काही नाही. उन्हाळी धानाच्या मळणीला, मे महिन्यात, पुन्हा तेच.

ही नाकाची ॲलर्जी. दुखणं नाकात, पण तक्रार घशात, कारण जास्तीचा कफ पुढून वाहायच्या ऐवजी मागच्या दाराने घशात उतरतो. डॉक्टर याला ‘पोस्ट नेझल ड्रिप’ म्हणतात. पुण्या-मुंबईत धान नसलं तरी गाद्या-उशांतली धूळ आहे, कबुतरं आहेत, बांधकामं आहेत, भिंतीची ओल आणि बुरशी आहे. शिंका आणि खाज सोबत असेल तर आधी नाकाकडे बघा.

मामीला डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या. मळणीच्या वेळी तोंडा-नाकावर नीट बसणारा मास्क, नुसता पदर नाही. रोज मिठाच्या पाण्याने नाक धुणं. आणि नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे. ‘स्टेरॉइड’ शब्द ऐकून मामी दचकली. पण या स्प्रेचा डोस अगदी कमी असतो आणि औषध मुख्यतः नाकातच काम करतं. फक्त तो जादूची कांडी नाही. रोज, नियमाने, काही आठवडे मारला तर गुण येतो. स्प्रे मारताना नळीचं तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे नाही, बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने ठेवायचं.

उलट, चोंदलेलं नाक दोन मिनिटांत मोकळं करणारे थेंब मिळतात ना, ज्यावर ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन लिहिलेलं असतं, ते चार-पाच दिवसांच्या वर वापरू नका. नाकाला त्यांची सवय लागते आणि थेंब बंद केले की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं. झोप आणणाऱ्या सर्दीच्या जुन्या गोळ्यांचंही तसंच. त्या वाहणारं नाक थांबवतात खऱ्या, पण कफ सुकवतात. आणि सुकलेला कफ म्हणजे चिकट कफ.

नाक धुणं म्हणजे आपली जलनेती. फॅशनमध्ये परत आलीये, छानच आहे. पण एक नियम पक्का ठेवा. पाणी उकळून कोमट केलेलंच हवं. अर्ध्या लिटरला एक सपाट छोटा चमचा मीठ. थेट नळाचं पाणी अजिबात नको. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात २०११ साली नळाच्या पाण्याने नेती करणारे दोघं मेंदूत अमिबाचा संसर्ग होऊन दगावले. घटना अत्यंत दुर्मीळ, पण पाणी उकळायला पाच-दहा मिनिटं लागतात. नेतीचं भांडंही रोज धुऊन वाळवायचं.

गळा नंबर दोन : माझं पोट

आता पुण्यात धान नसताना खाकरणारे आपण. माझं काम अमेरिकेच्या वेळेवर चालतं. लॅपटॉप रात्री साडेबाराला बंद होतो, जेवण त्यानंतर आणि एकला गादीवर. शिंका नाहीत, नाक मोकळं. पण सकाळी उठलो की आवाज एकदम व्हिलनसारखा. घशात गोळा. जिभेवर कडवट चव. दुपारपर्यंत जरा बरं, आणि जेवताना तर गोळा चक्क गायब!

डॉक्टरांनी नाकातून बारीक कॅमेरा घालून स्वरयंत्र बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, ‘‘रात्री किती वाजता जेवता?’’

जठरातला रस अन्ननलिकेतून वर येतो, तेव्हा छातीत जळजळ होते. ती आपली ओळखीची ॲसिडिटी. पण कधीकधी त्याचा बारीकसा फवारा अगदी घशापर्यंत पोचतो आणि जळजळ मात्र होतच नाही. अन्ननलिकेचं अस्तर त्यातल्या त्यात दणकट, स्वरयंत्राचं भलतंच नाजूक. आम्ल आणि पेप्सिन हे पचनाचं एन्झाइम त्याला थोडंसं लागलं तरी ते चिडतं. अमेरिकन डॉक्टर जेमी कॉफमन यांनी १९९१ साली २२५ रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला आणि या दुखण्याकडे घशाच्या डॉक्टरांचं लक्ष वेधलं. तेव्हापासून त्याला ‘सायलेंट रिफ्लक्स’ हे नावही चिकटलं.

इथे एक मजेशीर वळण आहे. हे नाव इतकं पॉप्युलर झालं की घशात काहीही झालं तरी ॲसिडिटीची गोळी द्यायची पद्धतच पडली. मग ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी ते तपासायचं ठरवलं. घशाची जुनाट तक्रार असलेल्या ३४६ जणांना त्यांनी दोन गटांत वाटलं. एका गटाला १६ आठवडे दिवसातून दोनदा आम्ल कमी करणारी लॅन्सोप्राझोल ही गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी खोटी गोळी. २०२१ साली निकाल आला. दोन्ही गटांना सारखाच आराम! म्हणजे छातीत जळजळ होत असेल तर या गोळ्या उपयोगी आहेतच, पण नुसत्या खाकरणाऱ्या घशासाठी महिनोन्‌महिने मनाने घेत बसण्यात अर्थ नाही.

मग करायचं काय? माझ्या डॉक्टरांनी गोळीच्या आधी घड्याळ बदलायला सांगितलं. शेवटचं जेवण आणि झोप यांत तीन तास. मी रात्रीचं जेवण कामाच्या मधल्या ब्रेकमध्ये, साडेआठला आणलं. काम संपल्यावर भूक लागलीच तर एखादं केळं, तेही थोडं बसून, फिरून. पलंगाच्या डोक्याकडचे पाय विटा लावून वीतभर वर. नुसत्या उशा वाढवून चालत नाही, त्याने पोट दुमडतं. कंबरेचा पट्टा एक भोक सैल. कॉफी दोन कप, तीही संध्याकाळच्या आत. सिगरेट आणि दारू दोन्ही या दारावरचा पहारा सैल करतात, हे ओढणाऱ्या-पिणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. फरक चार दिवसांत पडत नाही. मला दोन महिने लागले.

गोळ्याबद्दल अजून एक. जेवताना गायब होणारा आणि नुसती लाळ गिळताना जाणवणारा गोळा बहुधा निरुपद्रवी असतो. टेन्शनमध्ये तो वाढतो, कारण घशाचे स्नायूही खांद्यांसारखेच आखडतात. जुन्या काळी डॉक्टर याला ‘ग्लोबस हिस्टेरिकस’ म्हणायचे आणि बायकांचा नाटकीपणा समजून सोडून द्यायचे. आज तसं कोणी म्हणत नाही. गोळा खरा असतो, फक्त तिथे काढून टाकण्यासारखं काही नसतं. पण अन्नच अडकायला लागलं तर ते वेगळं प्रकरण. तेव्हा थांबायचं नाही.

गळा नंबर तीन : मामाचा आवाज

मामा राईस मिलवर सुपरवायझर. सतराव्या वर्षापासून बिडी. त्याच्या खाकरण्याकडे घरात कोणाचं लक्षही जायचं नाही, इतकं ते सवयीचं झालेलं. पण त्या दिवाळीत त्याचा आवाज मला वेगळा वाटला. फुटक्या ढोलासारखा. मामीला विचारलं, कधीपासून? तर म्हणाली, ‘‘पोळ्यापासून.’’ पोळा ते दिवाळी, म्हणजे दोन महिन्यांच्या वर!

मामाचं उत्तर तयार होतं. ‘‘काई नाई बाबू, धानाची धूळ हाय. मळणी झाली का जाते.’’

इथे गोची अशी, की ते उत्तर पटण्यासारखं होतं. धूळ होतीच. बिडीमुळे कफही होता. धुराने श्वासनलिकेतली ती झाडूवाली लव लुळी पडते, कफ जागच्या जागी साचतो आणि सकाळी खाकरून-खोकून काढावा लागतो. पण धुळीने बसलेला आवाज सुटीच्या दिवशी थोडा तरी सुधारतो. मामाचा दोन महिन्यांत एकदाही सुधारला नव्हता. भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी त्याला गाडीत घालून गोंदियाला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं.

त्यांनी थुंकीची टीबीसाठी तपासणी करायला सांगितली, ती निगेटिव्ह आली. मग कॅमेऱ्याने स्वरयंत्र बघितलं. डाव्या स्वरतंतूवर पांढरा चट्टा. मामा ज्याला दोन महिने कफ समजून खाकरत होता, तो कफ नव्हताच.

नागपूरला भूल देऊन तो चट्टा काढला आणि तपासायला दिला. रिपोर्ट येईपर्यंतचे आठ दिवस घरात कोणी कोणाशी नीट बोलत नव्हतं. मामी उगाच धान पाखडत बसायची. रिपोर्ट आला : पेशी बदलायला लागल्यात, पण कॅन्सर नाही. कॅन्सरच्या आधीची पायरी. चट्टा पूर्ण निघाला होता. बिडी त्याच दिवशी बंद, आणि ठरलेल्या अंतराने पुन्हा कॅमेऱ्याने बघणं चालू. समजा कॅन्सर असता, तरी स्वरतंतूवरचा कॅन्सर पहिल्या टप्प्यात पकडला तर बहुतेक वेळा बरा होतो. त्याची एक मेहेरबानी अशी की तो लवकर सूचना देतो. आवाज बसतो. ऐकणारं कोणी हवं, एवढंच.

खाकरणं हेच दुखणं

आता तिघांनाही लागू पडलेली गोष्ट. खाकरतो तेव्हा आपण दोन्ही स्वरतंतू जोरात एकमेकांवर आपटतो. दिवसातून शंभरदा टाळ्या वाजवल्या तर तळहाताचं काय होईल? तेच तिथे होतं. तंतू सुजतात. सूज आली की शरीर त्या जागेला वंगण म्हणून आणखी कफ सोडतं. तो जाणवतो, म्हणून आपण पुन्हा खाकरतो. घसा साफ होतच नाही, नुसतं चक्र फिरत राहतं. मूळ कारण कधीच गेलेलं असतं आणि सवय उरते.

हे चक्र तोडायचा फंडा फुकट आहे. खाकरावंसं वाटलं की पाण्याचा एक घोट घ्या. पाणी नसेल तर हनुवटी किंचित खाली करून लाळ जोर लावून गिळा. तरीही वाटलं तर आवाज न करता, आरशावर वाफ धरतो तसा ‘हाऽ’ करून श्वास सोडा. किंवा तोंड मिटून हळूच गुणगुणा. पहिला आठवडा जाम कठीण जातो. नंतर उबळ आपोआप कमी होते. ऑफिसात शेजारच्याला सांगून ठेवा, खाकरलात की टोकायचं. शेजारी हे काम आनंदाने करतात, हा स्वानुभव.

दुसरं, एसी. कोरड्या हवेत कफ घट्ट होतो. पाण्याची बाटली टेबलावर ठेवा, बॅगेत नाही. किती लिटर, याचा जप नको. लघवी फिकट पिवळी असेल तर पुरेसं पाणी जातंय असं समजा. झोपेत तोंड उघडं राहत असेल, घोरणं असेल, तर सकाळचा कोरडा घसा त्यातूनही येतो.

आजीचा बटवा आणि विज्ञान

दूध बंद, केळी बंद, दही बंद! कफ म्हटलं की हे फर्मान निघतंच. ऑस्ट्रेलियात १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ६० निरोगी लोकांना मुद्दाम सर्दीचा विषाणू दिला आणि त्यांचा कफ रोज वजन करून मोजला. (संशोधकांचं कौतुक करावं तितकं थोडं!) जास्त दूध पिणाऱ्यांचा कफ जास्त भरला नाही. दूध लाळेत मिसळून थोडा वेळ जिभेवर, घशात दाट थर राहतो, तो आपल्याला कफ वाटतो. तेव्हा हळद-दूध आवडत असेल तर खुशाल प्या, फक्त झोपायच्या तोंडावर ग्लासभर नको, ते आपल्या तीन तासांच्या नियमात बसत नाही.

कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या घशाला बरं वाटण्यासाठी उत्तम, पण त्या ना नाकात पोचतात ना स्वरयंत्रात. मधाने खोकल्याची उबळ शमते. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध अजिबात नको. वाफेने तात्पुरतं मोकळं वाटतं, मूळ कारण जात नाही. उकळतं पातेलं मांडीवर घेऊन चादरीत बसू नका, भाजण्याचे प्रकार त्यातूनच होतात. मेन्थॉलच्या गोळ्या चघळणं कमी करा, त्याने घसा गार वाटतो आणि नंतर कोरडा पडतो. आणि कफ पिवळा-हिरवा दिसला म्हणून लगेच ॲन्टिबायोटिक नको. साध्या व्हायरल सर्दीतही रंग बदलतो.

घरात कोणी ब्लडप्रेशरसाठी रामिप्रिल, एनालाप्रिल यांसारखी गोळी घेत असेल आणि घशात सतत खवखव, कोरडा खोकला असेल, तर तो त्या गोळीचाही परिणाम असू शकतो. गोळी स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, बदलून मिळते.

आठवडाभराची डायरी

डॉक्टरकडे जाण्यापूर्वी सात दिवस मोबाइलमध्ये चार गोष्टी नोंदवा : खाकरणं सर्वात जास्त केव्हा, सोबत शिंका-खाज आहे का, शेवटचं जेवण आणि झोप यांत किती तास, आणि आवाज कसा आहे. ठरावीक मोसमात, धुळीत, शिंकांसोबत होत असेल तर नाकावर संशय. सकाळी जास्त, आवाज जड, तोंड कडू असेल तर पोटावर. एसीत जास्त, घरी कमी असेल तर कोरडेपणावर. दिवसभर सारखंच, पण कामात गुंतलं की विसरायला होत असेल तर सवयीवर. कधीकधी दोन-दोन कारणं हात धरून येतात. पण ही डायरी समोर ठेवली की डॉक्टरांचं निम्मं काम झालेलं असतं.

थांबायचं नाही

हे दिसलं तर मात्र डायरी-बियरी बाजूला ठेवून थेट डॉक्टर गाठा : तीन आठवड्यांच्या वर बसलेला आवाज. थुंकीत रक्त. गिळताना दुखणं किंवा अन्न अडकणं. मानेत गाठ. कारण नसताना उतरणारं वजन. एकाच बाजूचा कान किंवा घसा सतत दुखणं. तोंडात पांढरा-लाल चट्टा किंवा तोंड पूर्ण न उघडणं. हे शेवटचं विदर्भातल्या माझ्या खर्राप्रेमी दोस्तांसाठी अधोरेखित. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटला की तोंडाला तो कोणत्या नावाने विकला याचं सोयरसुतक नसतं. सोडायचं असेल तर १८००-११-२३५६ या सरकारी टोल-फ्री नंबरवर मोफत मदत मिळते.

दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर टीबीची तपासणी करा. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं दोन्ही मोफत. साधा टीबी बहुधा सहा महिन्यांच्या औषधांनी बरा होतो, आणि उपचार चालू असताना पोषणासाठी सरकारकडून महिन्याला १००० रुपये खात्यात मिळतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते ५०० होते.

आपल्यापैकी बरेच जण गावाहून शहरात आलेले. स्वतःच्या घशासाठी ॲप आहे, इन्शुरन्स आहे, ऑफिसच्या खाली क्लिनिक आहे. गावी आई-बाबा, मामा-मामी आहेत, आणि त्यांच्याकडे प्रत्येक खाकरण्याला एक तयार उत्तर आहे : धूळ, मोसम, वय. त्यांचा चेहरा आपल्याला रोज दिसत नाही, पण आवाज दर रविवारी फोनवर ऐकू येतो. तेव्हा या रविवारी ‘जेवलात का’ विचारून झालं की जरा कान देऊन ऐका. आवाज महिन्याभरापूर्वीचाच आहे ना? नसेल, तर तिकीट काढा.